सुधारित पत्रक

ऑगस्ट संपत आला. खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर,
त्यावर लोहखनिज भरून निघालेलं जहाज
इतकं सावकाश, की सरकतंय हे कळायला
आधी एक परिच्छेद तपासून मग मान वर करावी लागते.

व्यावसायिक भाषणकला. खोली दोनशे चौदा,
मंगळवार, संध्याकाळी सहा, ड्युलूथ.
पत्रक दर वर्षी मीच लिहिते, दर वर्षी ते थोडं लांबतं.
प्रत्येक नियमामागे कुणीतरी उभं असतं.
"सादरीकरणात जिवंत नमुना आणू नये" यामागे
ओडेसा टिबेट्स, आणि तिच्या बाहीतून निघून
प्रोजेक्टरमागे दडलेला तो फेरेट.

चिठ्ठ्या तीनच. पडदा वाचून दाखवू नये,
वाचता आम्हालाही येतं.
"म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" मोजले जातील.
गेल्या वर्षी होदान वरसामे मोजायची,
मागच्या बाकावर, चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
दयामाया नाही.
तिच्या स्वतःच्या भाषणात एकही निघाला नाही.
पोटात गोळा आला म्हणून दोन दिवस जेवली नव्हती,
हे तिनं मला डिसेंबरात सांगितलं.

पोशाख: मुलाखतीला जाल तसा.
वेळ: किमान तीन मिनिटं, कमाल पाच.
नियम नऊ: चुकलेलं भाषण पुन्हा देता येणार नाही.
खाली ठळक अक्षरांत:
बाजारात दुसरी तारीख मिळत नाही.
बाजारात मी एक दिवसही काम केलेलं नाही.

व्हर्लिन माकी, वय एकोणपन्नास,
खनिजाच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं.
गुडघा गेला, म्हणून त्याला कचेरीत बसवणार होते,
आणि कचेरीत बोलावं लागतं.
त्याचा विषय: पट्ट्याचे रोलर आत्ताच का बदलावेत.
त्या मंगळवारी तो पावणेनऊला आला.
वर्ग रिकामा. मी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होते.
अंगात काळा कोट, खांद्यात आखूड.
खिशातून घडी घातलेला अंत्यविधीचा कागद, त्यावर भावाचा फोटो.
"पुरावा," तो म्हणाला.
गैरहजेरी माफ होईल, मी म्हटलं, पण भाषण...
"नऊ. वाचलाय मी."
तो काहीच मागत नव्हता. तेच जड गेलं.

तिथे बोललात का?
"बोललो."
काय बोललात?
त्यानं एक खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. मग दुसरी.
मग सरळ उभा राहिला, हात खिशाबाहेर, नजर माझ्याकडे:

"आर्वोनं माझं कुठलंही हत्यार नेलं
तर पुसून परत आणून दिलं.
एक पाना अजून त्याच्याकडे आहे.
राहू दे."

अकरा सेकंद. सवय जात नाही, मी मोजले.
प्रस्तावना नाही. मुद्द्यांची रूपरेषा नाही.
समारोप होता.

शून्य दिलं. हो, रोलरच्या भाषणाला शून्य.
नाहीतर रात्रपाळी करून, धापा टाकत
वेळेवर पोचणाऱ्या पाओ व्हांगला
मी कोणत्या तोंडानं गुण दिले असते?
हे मी स्वतःला बरेचदा समजावते,
दर खेपेला वेगळ्या शब्दांत.
युक्तिवाद पक्का असला की शब्द बदलावे लागत नाहीत,
हेही मीच शिकवते.

माकी काठावर पास झाला.
रोलर बदलले की नाही, कळलं नाही.

नियम नऊ तसाच ठेवलाय. बाजाराची ओळ काढली.
"किमान तीन" वर बोट बराच वेळ थांबलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं. खोडलं.
विभागप्रमुख विचारतील, मग मुलांनी बोलायचं तरी किती?
बघू.

बावीस प्रती, दोन्ही बाजूंनी छपाई.
मान वर केली. जहाज नव्हतं.