हाताचं माप

पत्तादाच्या वरच्या गल्लीत
बाइंझूच्या दुकानाला पाटी नाही.
कानशीचा आवाज येतो, त्या दारात वाकून शिरायचं.

"कुणासाठी?"
"पोरासाठी. अंजिरं पिकतील तेव्हा
बुस्तियानूला आठ पूर्ण होतील."
"मग घरातला द्यायचा. विकत कसला घेतोस?"

मी काही बोललो नाही.
मग बोललो.

घरातला होता. पणजोबांचा.
धार लावून लावून पातं इतकं झिजलेलं
की लव्हाळ्याएवढं उरलेलं.
त्यानं चार पिढ्यांचं चीज चिरलं,
अडलेल्या मेंढ्यांच्या नाळा कापल्या,
एकदा बापाच्या टाचेतला काटा काढला, घोड्यावर बसल्या बसल्या.
जर्मनीला कामाला निघालो त्या पहाटे
तो खिशातच राहिला,
जसं हाड राहतं अंगात.
ओल्बियाच्या विमानतळावर एका पोरीनं,
असेल माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची,
हसून तो प्लास्टिकच्या पिंपात टाकला.
आत नखं कापायच्या कात्र्या, शाम्पूची अर्धी बाटली.
धड आवाजसुद्धा झाला नाही.
सहा वर्षं मी मोटारींची दारं बसवली
आणि पाव दातांनी तोडला.

बाइंझूनं कानस खाली ठेवली.
मेंढीच्या कातड्यावर तीन चाकू मांडले.
पहिल्याच्या पात्यावर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी.
"हा पर्यटकांचा. भिंतीवर छान दिसतो."
दुसऱ्याला म्हशीच्या शिंगाची मूठ, काळी, भरीव.
"याला वजन आहे, स्वभाव नाही."
तिसरा एडक्याच्या शिंगाचा, मधाच्या रंगाचा,
मुठीत एक करडी रेघ,
एडक्यानं काढलेला एखादा वाईट हिवाळा असावा.
त्याच्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

मी खिशातून चीजचा कागद काढला.
झोपलेल्या पोराचा पंजा ठेवून
पेन्सिलीनं ओढलेली कड.
करंगळीपाशी तो हलला होता, तिथं रेघ चुकलेली.
"एवढ्या हाताचा पाहिजे."

त्यानं कागद उजेडाला धरला,
नीट घडी घालून परत दिला.
"हा हात दोन वर्षं टिकेल.
पुढचा दाखव."
"पुढचा कुठला?"
माझं मनगट धरून त्यानं तळवा उताणा केला,
स्वतःचा आडवा अंगठा लावत मोजला
(स्क्रू पिळून पडलेले घट्टेसुद्धा मोजले असणार)
आणि तिसऱ्या चाकूची मूठ त्यात ठेवली.

"नाव कोरशील?"
"नाव घातलं की तो एकाचाच होतो.
रविवारपर्यंत तू वापर.
कांदा चीर, दोरी काप, पाड एखादा ओरखडा.
अगदी कोरा देऊ नये पोराला.
उद्या कुणी विचारलं, कुणाचा रे,
तर काय सांगेल तो?"

रविवारी ओरखडा एकच होता,
कुंपणाच्या तारेचा, आणि थोडा कांद्याचा वास.
आमच्याकडे चाकू फुकट घेत नाहीत,
नातं कापलं जातं म्हणतात.
बुस्तियानूनं दोन्ही खिसे उलटे केले.
निघालं ते माझंच, जर्मनीहून आणलेलं:
दुकानातल्या ढकलगाडीला लागतं ते लाल प्लास्टिकचं नाणं.
"चालेल?"
"चालेल."

मग तो उघडायला गेला.
सांधा नवा, कडक.
जीभ दातांत धरून पुन्हा एकदा. नख पांढरं पडलं.
शेवटी बंद चाकू तसाच त्यानं माझ्यापुढे धरला.

गल्लीत बाइंझू भेटतो, विचारतो,
सांधा जड वाटत असला तर घेऊन ये, सैल करतो.
मी म्हणतो, हो, आणेन.

दोन अंजिरांचे हंगाम गेले.
पाव कापायचा असला की पोर अजून
कुरणाच्या दुसऱ्या टोकावरून माझ्याकडे धावत येतं.