ऐंशी अंशांची खोली

बाहेर सेहेचाळीस. सलमाबादच्या गल्लीत
टायरवाल्याचं मांजरसुद्धा
पाण्याच्या टाकीखालून हलत नाही,
आणि मी आत, एसीखाली, स्वेटर घालून,
गारठलेलं यंत्र उघडून बसलोय.
हसू येतं. पण रोमेल जेवायला गेलाय.

यंत्र बंदरातल्या टगवाल्यांचं, रेडिओ तपासायचं.
हँडलला निळी सुतळी.
बू-खलील स्वतः घेऊन आला. म्हणाला,
नवा टग आलाय, कोरा,
त्याचा आवाज आमच्या सहांना घोगरा ऐकू येतो,
त्याचा रेडिओ बघ.
बघितला. तो बरोबर होता.

जुने सहाच्या सहा चुकलेले.
एकाच यंत्रावर लावलेले,
एकाच बाजूला, एकाच मापानं सरकलेले,
म्हणून इतकी वर्षं
एकमेकांना स्वच्छ ऐकत होते.

यंत्राच्या पोटात मुठीएवढा पत्र्याचा डबा,
डब्यात फोम, विरजणाचं भांडं गुंडाळावं तसा,
फोमच्या आत धातूची कोठडी
आणि कोठडीत स्फटिकाची चकती, नखाएवढी.
तिला ऐंशी अंश लागतात.
बाहेर ऑगस्ट असो, आत एसी असो,
ऐंशी. तेवढी ऊब मिळाली
की सेकंदाला एक कोटी वेळा थरथरते
आणि ठोका चुकत नाही.

डबा हाताला गार लागला.

हीटर ठीक. ट्रान्झिस्टर ठीक.
मीटरची टोकं शेवटी फ्यूजवर टेकवली: काहीच नाही.
शेंगदाण्याएवढा तो. काम एवढंच,
आग लागायच्या आधी आपण तुटायचं.
आग काही लागली नव्हती.
नुसतं वय झालं होतं त्याचं.

नवा बसवताना डाखाच्या धगीनंच तुटतो,
म्हणून पाय चिमट्यात धरायचा,
ओली चिंधी गुंडाळायची,
तीन म्हणायच्या आत उचलायचं.
पहिला मी घालवला, दोन आणि तीनच्या मध्ये.
शिव्या दिल्या, हर्णैच्या, अख्ख्या.
दुसरा बसला.

संध्याकाळी बू-खलील परत आला.
तो म्हणतो नोखदा, मी म्हणतो नाखवा,
एकोणीस वर्षं आमचं त्यात कधी अडलं नाही.
त्याला सांगितलं:
सहाही रेडिओ पुन्हा लावावे लागतील.
तीन झाले आणि तीन राहिले
की मधले दोन दिवस
निम्म्या टगांना निम्मे टग घोगरे ऐकू येतील.
त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.
म्हणाला, तांडेल, असं कर,
नव्यालाच बिघडव ना.

मी चहा मागवला.
दोघंही कपात बघत राहिलो.
मागच्या रविवारी फोनवर बहीण म्हणाली होती,
तू हल्ली कसं बोलतोस रे,
शब्द आपलेच, पण सूर कुणाचा?
मला तर काही वेगळं ऐकू येत नव्हतं.

बू-खलीलनं कप खाली ठेवला. एवढंच बोलला,
सहाही आणतो. एकदम नाही जमणार.

तो गेल्यावर बटण दाबलं.
हीटरचा काटा आधी उसळला, तहानेल्यासारखा,
मग हळूहळू खाली बसला.
छतावरच्या अँटेनाला उपग्रहाची वेळ येते,
तिच्यापुढे आकडे धरले:
नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे आठ.
नऊशे चाळीस.
नऊशे सत्त्याऐंशी, इथे बराच वेळ रेंगाळले.
मग नऊच नऊ,
मग एकावर शून्यांची रांग,
शेवटचं शून्य अजून डळमळत.

त्याला रात्रभर तापू द्यायचं असतं. वीज तोडायची नाही.
सफाईवाल्यांसाठी चिठ्ठी लावली, बंद करू नका,
अरबीत, इंग्रजीत, मल्याळममध्ये,
टागालोग रोमेलकडून लिहून घेतलं.
खाली थोडी जागा उरली होती.
तिथे मराठीत लिहिलं.
वाचणारं इथे कोणी नाही,
आणि शुद्धलेखन
घरी गेल्यावर तपासतो म्हणालो.