उसना अकरावा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात
मी बँकेत रजेचा अर्ज टाकते.
कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिते.
साहेब काही विचारत नाहीत.

फणसवाडी फ्रेंड्सचा सप्ताह:
सोमवार ते शनिवार, रोज एक सामना,
कप नाही, बक्षीस नाही,
हरणाऱ्यानं फक्त कोकम सरबताचे पैसे द्यायचे.

आझाद मैदानात खेळपट्ट्या इतक्या खेटून
की आमचा थर्डमॅन
शेजारच्या सामन्यातल्या स्लिपशी गप्पा मारत उभा असतो,
आणि 'कॅच!' म्हणून कुणी ओरडलं
की चार सामन्यांतली माणसं वर बघतात.
वर बहुतेक वेळा घारच असते.

तंबूच्या सावलीत माझं टेबल.
दोन पेन्सिली, खोडरबर,
पानं उडू नयेत म्हणून शिवण उसवलेला एक चेंडू.
दादानं मला इथं बसवलं तेव्हा मी अकरावीत होते.
पुढे दादा पुण्याला गेला,
त्याचे गुडघेही गेले,
मी मात्र वहीपाशीच राहिले.

समोरच्या संघात कायम एक जण कमी.
कुणाच्या भाच्याची मुंज, कुणाला कावीळ,
कुणी रात्रपाळी करून अजून झोपलेला.
त्यांचा कॅप्टन मान खाजवत येतो
आणि आमचा पास्कल मागे न बघताच म्हणतो,
'दिगू, जा रे.'

दिगू चेऊलकर जातो.
चहाचा अर्धा ग्लास माझ्या टेबलावर ठेवतो,
'बघ हां, कावळा येतो,' म्हणतो,
आणि किट उचलून
तीस पावलं चालून
आमच्या विरुद्ध उभा राहतो.

यंदा सोमवारी तो माझगावच्या गोदीवाल्यांचा होता,
मंगळवारी चष्म्याच्या दुकानवाल्यांचा.
गुरुवारी आमच्याकडूनच खेळायचं म्हणून
शर्टाला नीळ घालून आला,
तर समोरचे नऊच.

शुक्रवारी मात्र आम्हीच दहा निघालो.
पास्कलचा मुलगा आलाच नव्हता.
नाणं उडवून झाल्यावर ते लक्षात आलं,
आणि तोवर दिगू सवयीनं पलीकडे जाऊन
कुणाच्या तरी पोराला बॅटची पकड शिकवत बसला होता.
पास्कलनं हाक मारायला तोंड उघडलं.
मिटलं.
'राहू दे,' म्हणाला, 'दहांत भागवू.'

शेवटच्या षटकात त्यांना तीन हव्या होत्या.
दिगूनं जरा मागे सरकून
चेंडू पॉइंटमधून काढला,
बरोब्बर तिथून,
जिथं आमच्यासाठी तो स्वतः उभा राहतो.
तिथं कुणी नव्हतं.
चेंडू शेजारच्या सामन्यात शिरला,
त्यांच्या अंपायरच्या पायाला लागून थांबला.
दिगूनं बॅट वर केली नाही.
लांबून माझ्याकडे बघितलं,
मी चार लिहिले का ते.

त्या रात्री मी माळ्यावरून ट्रंक काढली.
एकोणीस वह्या, काहींना वाळवी.
फणसवाडीच्या पानांवर त्याचं नाव मोजून सात वेळा.
बाकी सगळं पलीकडच्या पानांवर,
कंसात 'उसना', माझ्याच अक्षरात,
आधी गोल, मग घाईचं, मग चष्मा लागल्यानंतरचं मोठं.
बेरीज करता करता दीड वाजला.
दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर.
आमच्याविरुद्ध इतक्या धावा
दुसऱ्या कुणीच केलेल्या नाहीत.

शनिवारी तंबूत कुणी नसताना
मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला.
वाटलं होतं, हसेल, किंवा डोळे पुसेल,
दोन्हीची तयारी मी करून आले होते.

त्यानं कागद लांब धरून वाचला,
मग जवळ धरून.
'यातले चार कमी कर,' म्हणाला.
'मंगळवारचा तो फाइन लेगचा चौकार
बॅटला लागलाच नव्हता. पॅडवरून गेला.
अंपायरला दिसलं नाही. लेगबाय धर.'

बाहेर टॉस झाला होता.
पास्कलची हाक आली, नेहमीचीच.
मी खोडरबर शोधत होते.
चहाच्या ग्लासावर वही झाकून
तो निघाला.