फुटायचा मंगळवार

चार दिवस मटण मिठात होतं,
फ्रिजमध्ये, द्राक्षांच्या खोक्याखाली.
भद्रकालीतला खाटीक म्हणाला होता,
एवढं मीठ? बोकडाचं लोणचं घालताय का बाई?

गुद्रून वहिनी कुकरपाशी उभी.
पिवळा वाटाणा, गाजर, बटाटे.
सलगम अख्ख्या नाशकात मिळाला नाही,
म्हणून मुळा.
आमच्याकडे आज फुटेस्तोवर खातात, ती सांगते,
पोटावर हात ठेवून, गाल फुगवून.
फुटायचा मंगळवार.

आई हसत नाही.
शरणपूरच्या या घरात वर्षभर
तिला अर्धी भाकरीही जड जाते.
तिकडच्या समुद्रानं आमच्या योनादादाला
तिसऱ्या दिवशी परत दिलं नाही,
चाळिसाव्याही नाही.
आली ती वहिनी, एका बॅगेत
त्याचे लोकरी मोजे घेऊन.

उद्या कपाळावर राख.
आज आई एक घास घेते,
चावत राहते.
खारट झालंय, म्हणते,
अगदी सासूसारखं, पहिल्यांदाच.
वहिनीला शब्द कळत नाही. ती माझ्याकडे बघते.

मी काही सांगायच्या आत
आईनं ताट पुढं सरकवलंय.
वाढ.

वहिनी डाव शोधते, सापडत नाही,
कुकरच उचलून आणते.