पान एकशे सतरा

कुरेसारेच्या वाचनालयानं
जुनी पुस्तकं किलोवर काढली होती.
बटाट्यांच्या क्रेटमध्ये, ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या दोन पुस्तिकांखाली
ते सापडलं.
चंद्राकडं मीठ घेऊन निघालेली नाव,
वल्ह्यावर अस्वल, सुकाणूवर यूस,
मुखपृष्ठावरचा निळा पार विटलेला.

आमच्या शाळेतल्या प्रतीला एक पान नव्हतं.
कुणी फाडलं, बाईंनी खोदून खोदून विचारलं,
कुणी कबूल झालं नाही.
एकशे सोळाच्या तळाशी
भर हिमवादळात खोपटाच्या दारावर थाप पडायची,
अस्वल कडी काढायचं, आणि
पुढं एकदम एकशे एकोणीस:
सकाळ झाली होती. शिडात वारा भरला होता.

कोण होतं दारात?

मी नऊ वर्षांची होते.
त्याच मार्चमध्ये तनिस बर्फावरून अब्रुकाला निघाला,
सायकल हातात धरून.
अजून आठवडाभर धरेल बर्फ, म्हणाला.
सायकल मे महिन्यात मिळाली.

तेव्हापासून कडी निघाली की
दारात तनिस असायचा.
भुवया पांढऱ्या, मोजे ओलेगच्च.
अस्वल त्याला चुलीपाशी सरकवायचं,
यूस आपला कोरडा सदरा द्यायचा,
आणि हा, सवयीप्रमाणं,
कुणाचे आभार न मानता दोन वाडगे सूप प्यायचा.
आईला हे कधी सांगितलं नाही.
मुलींना गोष्ट सांगताना इथं आले की
खोकायचे, आणि सकाळ करून टाकायचे.

काल रात्री चष्मा पुसला.
चहा निवू दिला.
एकशे सतरा.

दारात शेजारची बकरी होती.
उसनी नेलेली चाळण परत करायला आली होती.
मग दीड पानभर पिठाचे भाव,
तिचा दुखरा गुडघा,
आणि एक चित्र. बकरीच्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.

हसले.
इतकी की पलीकडून मार्युनं भिंत ठोकली.
चाळण!
त्रेपन्न वर्षं मी तिथं कुणाकुणाला जेवू घातलं,
आणि ही आपली चाळण घेऊन उभी.

दिवा मालवला नाही मग.
चित्र डोळ्यांशी धरलं.
दार अर्धंच उघडं काढलंय,
बकरीच्या पाठीमागं नुसती काळी शाई,
तिच्यात चारदोन पांढरे ठिपके.

बाई, म्हटलं तिला,
जरा बाजूला हो.