पावशेर जोंजोली

पहिला फोटो मी चोरला.
कॅमेरा पोटाशी, नजर भलतीकडे,
जणू तेलावीच्या बाजारात मी
छपरावरची कबुतरंच मोजायला आलेय.
खट्.
रात्री भाड्याच्या खोलीत मोठा करून पाहिला:
एक कोपर, लोणच्याची निळी बादली,
आणि कडेला कापलेले तिचे डोळे
थेट माझ्यावर.
तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीबाहेर काढलाच नाही.
जोंजोली घेतली, पावशेर.
कळ्यांचं लोणचं, आंबट, जरा मातकट,
भोकराच्या लोणच्याची लांबची बहीण शोभेल असं.
तिनं हिशोबाबाहेरची एक मूठ वर टाकली
आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी नाव कळलं. त्सियाला.
शेजारच्या चीजवाल्या नुगझारची नात तमुना
शाळेतलं इंग्रजी घेऊन मध्ये उभी राहिली.
मी कॅमेऱ्याकडे बोट केलं, भुवया उंचावल्या.
त्सियालानं हात पुसले. बराच वेळ पुसले.
काहीतरी म्हणाली. तमुना अडखळली, मग सांगितलं,
"काढ म्हणते. पण नीट काढ,
दगडावर कोरायला होईल."

टेकडीवरच्या दफनभूमीत पाहिली होती मी
काळ्या दगडांत उभी माणसं.
एकाच्या बोटात सिगारेट,
एक आपल्या ट्रकला टेकलेला.
कुणीतरी सहज काढले असतील ते फोटो,
कुठल्याशा रविवारी, जेवणं झाल्यावर.

त्सियालानं एप्रन सोडला,
केसांत कंगवा खोचला, हनुवटी वर,
श्वास बंद.
मी तीन काढले. तिन्ही आत्तापासूनच दगड.

तेवढ्यात नुगझार काहीतरी पुटपुटला.
तमुना लाल झाली, भाषांतर करीना.
त्सियालानं मूठभर जोंजोली त्याच्या अंगावर फेकली
आणि हसली,
कंगवा घसरला, सोन्याचा दात चमकला,
सगळं हलायला लागलं, पोट, टेबल, तराजू.
कॅमेरा माझ्या डोळ्यालाच होता.
बोट थांबलं.
परवानगी दगडाची होती, हसण्याची नव्हती.

हसता हसता तिनं मला पाहिलं
आणि हात हलवला, माशी वारावी तसा.
नको? की काढ एकदाची?
मी कॅमेरा खाली घेतला.
मग तीच ओरडली. तमुना म्हणाली,
"विचारतेय, आता का थांबलीस?"

बसस्टँडजवळच्या दुकानात दोन छापून आणले.
हनुवटीवाला तिनं रुमालात गुंडाळला, सुनेसाठी.
हसरा धरून ठेवला लांब, मग जवळ.
"हा नाही देणार. दगडावर कोण हसतं?"
आणि पैशांच्या डब्यात, नोटांच्या खाली सरकवला.

निघताना मी तो चोरलेलाही दाखवला.
पुसते, म्हटलं, तुझ्यासमोर.
तिनं चष्मा लावला,
कोपर, बादली, डोळे, सगळं निरखलं.

म्हणाली, बादली छान आलीय.