चार लड्या

चार लड्या कमी पडल्या.
सहस्रबुद्धेबाईंचा फोन सकाळीच, दूधही तापायचं होतं:
ताणा अकरा मीटरचा, बाणा सातव्यालाच संपत आलाय,
तोच लाल हवा, तस्साच, गेल्या वैशाखातला.

वही काढली. माझ्या वहीत सगळं असतं.
मंजिष्ठा किती, तुरटी किती,
हिरड्यात रात्रभर की नुसतं दुपारभर,
उकळी येऊ द्यायची नाही, हे दोनदा अधोरेखित,
सूत कुणाकडून आणलं आणि तेव्हा त्याची उधारी किती होती.
कोपऱ्यात पेन्सिलीने एकच शब्द: गुरुवार.

केलं सगळं तसंच.
आधी लड्यांना साधं पाणी पाजलं.
लक्ष्मीनरसूमामा म्हणायचे, तहानलेल्या सुताला रंग दाखवू नको,
अधाशासारखं पितं, मग डाग पडतात.
मग पातेलं, मग दांडीवरून लडी फिरवत राहणं,
फिरवत राहणं,
तोवर गंज पेठेतली शाळा सुटली.
पिळल्या, झटकल्या, दोरीवर टाकल्या.

लाल होता. छान होता.
तो नव्हता.
हा दिसेल त्याच्याशी बोलणारा,
तो जरा मनातलं मनात ठेवणारा.

गुरुवार.
गुरुवारी नळ बंद, आठवलं,
त्या दिवशी गल्लीत टँकर आला होता.

मामा पातेल्यात सूत सोडण्याआधी
पाण्याचा थेंब जिभेवर ठेवायचे,
डोळे मिटून, तीर्थ घेतल्यासारखा,
आणि सांगायचे, "ह्याच्यात इनुम उंदी पोरी, लोखंड.
रंग रुसणार आज."
मी हसायचे. मला वाटायचं, म्हातारा नाटकं करतो.
गेले त्या दिवशीही त्यांच्या नखांच्या कडेला नीळ होती.

टँकरवाल्याचा नंबर पिंपामागच्या भिंतीवर, खडूने.
हरपळे, वैशाखात पाणी कुठून भरायचात?
"पिसोळीच्या अलीकडे विहीर होती एक. का हो ताई, काही झालं का कुणाला?"
नाही. एक पिंप हवं होतं तिथलंच.
"बुजवली की ती. वर पार्किंग झालंय."
मागे त्याचा हॉर्न वाजला.
"दुसरीकडचं गोड आहे पाणी, टाकू का?"

गोड पाणी घेऊन मी काय करू.

मामांच्या डब्यातून गंजके खिळे काढले,
मोडलेल्या मागाचे, त्यांनी उगाच जपलेले.
पाच लड्या पुन्हा भिजवल्या, पातेल्यात तीन खिळे,
घड्याळाकडे बघत राहिले.
एक लडी पार काळवंडली, ती ठेवून दिली बाजूला.
बाकीच्या बऱ्यापैकी रुसल्या.

बाईंना खरं ते सांगितलं:
तोच नाही, त्याच्या शेजारी राहणारा आहे.
त्या म्हणाल्या, "थोडा जुना उरलाय,
दोन धोटे चालवते, एकाआड एक. कळणार नाही."

महिन्याने बघायला बोलावलं, सहकारनगरला.
गॅलरीत माग, मागावरून नुकतंच उतरलेलं कापड
दिवाणभर पसरलेलं, त्यांच्या जावेने हात फिरवला,
म्हणाली, अगदी एकसारखा लाल.
बाई पाच लड्यांचे पैसे देत होत्या, मी चारांचेच घेतले.
चहा झाला.
निघताना काठावरून नुसतं बोट सरकवत नेलं,
सातव्या मीटरच्या आसपास थांबले,
जिथे विहीर संपते
आणि खिळे सुरू होतात.